याद्यांच्या बैठकीतला व्हॅलेंटाइन

फेब्रुवारी १४७७. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या टॉपक्रॉफ्ट गावी मार्जरी ब्रूज पत्र सांगते आहे आणि तिच्या वडिलांचा कारकून ते उतरवून घेतो आहे. पत्र आहे जॉन पॅस्टनला. त्याला ती आपला व्हॅलेंटाइन म्हणते. तब्येत बरी नाही, मनही थाऱ्यावर नाही, तुमचा निरोप येईपर्यंत बरं वाटायचं नाही, असं कळवते आणि मग मुद्द्यावर येते. आईनं पुष्कळ रदबदली केली, पण वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत. तुमचं माझ्यावर खरं प्रेम असेल, तर तेवढ्यासाठी तुम्ही मला सोडणार नाही. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये, अशीही विनवणी आहे. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्रजीतलं सर्वांत जुनं उपलब्ध व्हॅलेंटाइन-पत्र म्हणून ते ओळखलं जातं.

व्हॅलेंटाइन दिवसाचं मूळ शोधणारे सहसा रोमला जातात. सम्राटाची आज्ञा मोडून सैनिकांची गुपचूप लग्नं लावणाऱ्या संताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण तिला त्या काळातला पुरावा नाही. व्हॅलेंटाइन नावाचे हुतात्मे एकाहून अधिक होते आणि त्यांची माहिती इतकी तुटपुंजी, की कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये हा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला. प्रेमाशी त्याचं नातं ठळकपणे जुळलेलं दिसतं ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात. तिथे या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात. मार्जरीच्या आईनंही जॉनला घरी बोलावताना याच पक्ष्यांची आठवण करून दिली होती. कवीची कल्पना शंभर वर्षांत सोयरिकीच्या पत्रव्यवहारात येऊन बसली होती.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि या दिवसाचा प्रसार झपाट्यानं झाला. पाठोपाठ अमेरिकेत एस्थर हाउलंडनं लेसच्या कागदाची भेटकार्डं करून त्यांचा मोठा व्यवसाय उभारला. टपालानं प्रेमिकांना घरच्या कारकुनापासून सोडवलं, हे मोठंच काम झालं. मात्र छापील मजकुरानं दुसरा कारकून आणून बसवला. मनातलं सांगायला पुन्हा परक्याचेच शब्द आले.

आपल्याकडे वाद होतो तो वेगळाच. एक बाजू म्हणते, हा सण परका. दुसरी संताचा दाखला देते. दोघंही सणाची जन्मपत्रिका तपासतात. मला वाटतं, सणाची पारख त्यात माणसं काय ओततात यावरून व्हावी. मार्जरीनं ओतलं ते आपल्याला अजिबात परकं नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरी याद्यांच्या बैठकीत ‘तुमच्या मुलीच्या हौसेनं काय द्यायचं ते द्या’ हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती आतल्या खोलीत बसलेली असते.

मार्जरीनं दुसरंही पत्र पाठवलं. वडील १०० पौंड आणि ५० मार्कांवर एक पैसाही देणार नाहीत, तेवढ्यावर समाधान असेल तर मी जगातली सर्वांत सुखी मुलगी होईन, अशा अर्थाचं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. आतल्या खोलीतल्या मुलीनं बैठकीत आपला शब्द टाकला होता. या दिवसाचा मान राखायचा असेल, तर तो शब्द टाकायची मोकळीक प्रत्येक घरातल्या मुलीला असली पाहिजे, आणि तो ऐकून यादी फाडणारा मुलगाही हवा.