एका पाळीने काय होते?



धम्मपदाच्या पापवग्गात थेंबाथेंबाने भरणाऱ्या घड्याचा दृष्टान्त आहे. तो आपल्या रानातच दिसतो. दौंडला खडकवासल्याचा कालवा आला, शिरूरच्या काही गावांना घोड धरणाचे पाणी मिळाले, ऊस उभा राहिला. पाणी आहे म्हणून दर पाळीला थोडे जास्तच सोडले. एका पाळीने काय होते? पण निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते, वर चढते, वाफ होऊन जाते; क्षार मात्र मागे राहतात. आधी बांधाकडेला पांढरा पापुद्रा, मग विरळ उगवण, शेवटी रान चोपण. शेजारच्या नीरा खोऱ्यातील अशा जमिनींवर मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच लिहून ठेवले. पापुद्रा दिसताच चर खणला तर रान वाचते. पण तेव्हा कोण खणतो!

मी शिक्षक. माझ्यापुढे हजेरीपट असतो. मुलगी शाळेतून एकाएकी जात नाही. आधी बाजाराचा दिवस बुडतो, मग खुरपणीचा आठवडा, मग धाकट्याला सांभाळायला महिना. दर वेळी बाप म्हणतो, "गुरुजी, एवढ्याच वेळी." अशा खाड्यांची मी वेगळी वही ठेवली आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर ती घेऊन विहारात बसेन. आईबापांनी दोघांनीही यावे.