हौद्री

धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांत आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. साधनकेरीच्या बेंद्र्यांची घरची बोली मराठी, पण त्यांनी कन्नड कवितेला १९७३चं ज्ञानपीठ मिळवून दिलं. आमच्या अण्णानं कन्नडमधून एकच शब्द मनापासून उचलला: ‘हौद्री’. म्हणजे ‘होय हो’. शेवटची ‘री’ कन्नडमध्ये आदराची. अण्णा मात्र ती ओढायचा, तीही मराठी अर्थानं.

वय तेहतीस, बँकेत नोकरी. उप्पीट-शिऱ्याच्या बशीसमोर मुलगी बसवायचे दिवस गेले. आता पत्रिका जुळली की दोघं बाहेरच भेटतात. दरवेळी आत्या लाइन बझारातून पाव किलो पेढे आणून अण्णाच्या हातात द्यायची आणि बजावायची, “मुलीचं मन मोडू नकोस रे. ती म्हणेल त्याला हो म्हण.”

पहिली मुलगी गाण्यातली. “मन्सूरांचं ऐकता?”

“हौद्री! किराणा घराण्यात त्यांच्यासारखं कोण?”

मुलीनं कॉफीचा कप खाली ठेवला. मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर-अत्रौलीचे, राहायचे धारवाडातच. आणि हा मळमड्डीचा माणूस असं बोलतो! “किराणा गंगूबाईंचा,” ती म्हणाली. “तुम्हाला वाण्याकडचा ठाऊक असेल.”

दुसरी हुबळीची. “मला तिखट फार आवडतं. तुम्हाला?” “हौद्री!” गिरमीट आलं, सोबत मिरची भजी. तिसऱ्या मिरचीला अण्णाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाणी घेऊन आलेला पोऱ्या कळवळून मुलीला म्हणाला, “अक्का, एवढं काय बोललात त्यांना?” सगळं हॉटेल तिच्याकडे बघू लागलं. ती गिरमीट अर्धं टाकून उठली.

तिसरीला डोंगर चढायची हौस. “हौद्री, मलाही!” म्हणत अण्णा नवे कातडी बूट घालून हुबळीच्या नृपतुंग बेट्टावर गेला. अर्ध्या वाटेत एका बुटाचा तळ निखळला. “परत फिरू या का?” तिनं विचारलं. “हौद्री.” “की थोडं वर जाऊ या?” “हौद्री.” ती एकटीच वर गेली. अण्णा एक बूट पायात आणि एक हातात घेऊन चिगरी बसनं धारवाडला परतला.

तिन्हीकडून निरोप सारखाच आला: मुलगा स्वभावानं चांगला आहे, पण कसा आहे ते कळलं नाही.

या गडबडीत पेढ्यांचा पुडा द्यायचा राहून जाई आणि तो आम्ही फस्त करत असू. अण्णा सोडून. त्याला पेढा आवडत नाही. धारवाडच्या मुलाबद्दल हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील, म्हणून आत्यानं ते घरातच दाबून ठेवलं होतं.

चौथी बेळगावची, शाळेत गणित शिकवणारी. साधनकेरीच्या तळ्याकाठी बसल्याबसल्या तिनंच पुडा ओढून घेतला, उघडला आणि पिठीसाखरेत घोळलेला तांबूस पेढा त्याच्यापुढे धरला. “आवडतो ना?”

“हौ...” एवढ्यात खव्याचा वास नाकात शिरला. अण्णानं तोंड फिरवलं. “इल्री. नाही आवडत. लहानपणी एकदा अख्खा पुडा चोरून खाल्ला होता, तेव्हापासून वासही नको वाटतो. आत्याला सांगू नका.”

“बरं झालं,” ती म्हणाली, “तुमच्या वाट्याचेही मला.” आणि तिनं तोही पेढा तोंडात टाकला.

मग अण्णाचा बांधच फुटला. डोंगर? इल्री. मिरची? इल्री. गाणं? “कानाला बरं वाटतं, कळत काही नाही.” बेळगावला बदली घ्याल? “आत्ता लगेच नाही. आत्या एकटी पडेल.” ती ऐकत होती, मधूनच भांडत होती आणि पुडा रिकामा करत होती.

उठताना तिनं विचारलं, “आता शेवटचं. मी आवडले?”

“हौद्री,” अण्णा म्हणाला.

आणि तिनं ते खरं मानलं, कारण तासाभरात तिनं सहा वेळा ‘इल्री’ ऐकलं होतं.

तात्पर्य: ज्याच्या तोंडून कधी ‘नाही’ निघत नाही, त्याच्या ‘हो’वर कुणी घर बांधत नाही.

आत्या अजून पेढे आणते. फक्त आता पुडा सुनेच्या हातात देते.