थांबायचं की नाही

भाचा ओट्यावर बसून आरटीओच्या परीक्षेचं पुस्तक वाचत होता. अवकाळीनं लागोपाठ बाग झोडपली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात मोठ्या गाडीचं लायसन बसलंय. विशी उलटली, हलक्या गाडीचं लायसन काढून वर्ष झालं, म्हणजे कायद्यानं त्याला आता अर्ज करता येतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली गेली. हा तर बारावी आहे. नाशिकला क्लास लावलाय. क्लासच्या ट्रकला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक मास्तरच्या. पेठ रोडच्या आरटीओत टेस्ट व्हायची होती.

पुस्तक मिटून म्हणाला, "मामा, खुणा सगळ्या पाठ झाल्या. पण कुणी गाडीखाली आलं तं काय करायचं? मास्तर म्हणतो थांबायचं. ढाब्यावरची लोकं म्हणतात, थांबला तो मेला. तुम्ही गाडी चालवली, तुम्ही सांगा."

मी तंबाखू मळत राहिलो. काय सांगणार?

मी क्लासात शिकलो नाही. आमच्या वेळी परवडणारा क्लास म्हणजे किन्नरकी. क्लीनरला आमच्याकडं किन्नरच म्हणतात. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरायचा आणि रात्रीतून वाशीचं मार्केट गाठायचं. टॉमीनं टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, काच पुसायची, उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बडबड करायची, आणि झोप आपल्यालाच आली की शिव्या खायच्या. दीड वर्षानं रिकाम्या गाडीवर घोटीच्या पुढं स्टेअरिंग हातात मिळालं. त्या दिवशी घरी गेलो तर जेवण जाईना.

उस्ताद फार थोडं बोलायचा, पण बोलायचा ते पक्कं. "कसारा ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की गाडी तुझी राहत नाही, उताराची होते." लायनर जळायला लागले की कसा वास येतो तो त्यानं मला मुद्दाम दुसऱ्याच्या गाडीमागं नेऊन हुंगवला. त्यातलं एकही वाक्य पुढं खोटं ठरलं नाही. म्हणून तर त्याच तोंडातनं आलेली दुसरी शिकवणही मी बरीच वर्षं खरी मानली.

१९९४ च्या थंडीतली पहाट. एका फाट्यावर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल बाजूच्या रस्त्यानं आली. तिला दिवा नव्हता. आधी किटलीचा आवाज आला, मग माणसाचा. उस्तादानं ब्रेक मारला, गाडी थांबल्यातच जमा होती. मी दार उघडून एक पाय खाली टाकला. तेवढ्यात मागं हॉटेलात दिवा लागला, माणसं बाहेर पडायला लागली. उस्तादानं गिअर टाकला.

"दार लाव."

"उस्ताद, माणूस पडलाय."

"दार लाव म्हणतो ना!"

पुढं दहा-बारा किलोमीटरवर पोलीस चौकी होती. तिथं तो आपण होऊन गेला, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, माझ्याकडनं झालं. सायकलवाला वाचला, पण एक पाय गेला. आम्ही थांबलो असतो तर पाय वाचला असता का, कुणास ठाऊक.

उस्तादाला मी मनात भेकड ठरवून टाकलं. पुढं एका वकिलानं मला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १३४ वं कलम समजावून सांगितलं. जखमीला दवाखान्यात पोचवण्यासाठी ड्रायव्हरनं शक्य ते सगळं करायचं. पण जमावाच्या संतापामुळं ते शक्य नसेल तर सूट, असं तिथंच लिहिलंय. म्हणजे आमच्या फाट्यावर काय होतं, हे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. मी सातवीत असताना आमच्याच फाट्यावर गावातलं एक पोरगं ट्रकखाली गेलं. तो ड्रायव्हर थांबला होता. खाली उतरला, पोराला त्यानं दोन्ही हातांवर उचललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग गाव आलं. पोरगं त्याच्या हातातनं काढून घेतलं आणि त्याला धरलं. माझ्याही हातात दगड होता. मी मारला. कुठं लागला ते बघितलं नाही, पळालो. नंतर आलो तेव्हा तो हापशाजवळ डोकं धरून बसला होता, हिंदीत काहीतरी सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं.

तो जगला असेल तर पुढं प्रत्येक ढाब्यावर त्यानं हे सांगितलं असणार. हायवेवर अशी गोष्ट वाशीहून इंदूरला दोन दिवसांत पोचते. पळायचं शिक्षण देणारा क्लास आमच्याच फाट्यावर भरला होता, आणि मास्तरांत मी होतो. मग उस्तादाला भेकड म्हणायला मी कोण?

पण एवढ्यानं हिशोब मिटत नाही. ड्रायव्हर आणि गर्दी यांचं एकमेकांशी जे काय देणंघेणं असेल ते असो, रस्त्यावर पडलेल्यानं कुणाला दगड मारलेला नसतो. त्या दूधवाल्यानं उस्तादाचं काय घेतलं होतं? गर्दीची भीती खरी, पण तिची किंमत त्यानं का भरायची? इथं आलो की माझं डोकं चालत नाही.

२०२४ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा हेच आठवत होतं. पोलिसांना न कळवता पळालेल्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं नव्या न्यायसंहितेत आलं म्हणून मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतले टँकर जागेवर उभे राहिले, पंपांवर रांगा लागल्या. संहिता जुलैपासून लागू झाली, ते पोटकलम तेवढं मागं ठेवलं. मी संपवाल्यांच्या बाजूनं होतो. आणि रात्री किटलीचा आवाज यायचा.

"मामा, सांगा ना."

"फोन कर," मी म्हणालो. "खाली उतरायच्या आधी १०८ ला, मग ११२ ला. माणसं नसली तं उतर, त्याच्याजवळ बस. जमाव आलाच तं चौकी गाठ. पण फोन केल्याशिवाय गिअरला हात लावू नको."

"अन् आपल्याच फाट्यावर झालं तं?"

"तं मला फोन कर. मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार?"

तेव्हा मी त्याला दगडाचं सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तो पुस्तकाची पानं अंगठ्यानं फर्रकन सोडत राहिला.

"कुठला होता तो ड्रायव्हर?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हणालो.