वायरींचा गुंता आणि विकर्म

घरातल्या स्टिरिओमागचा वायरींचा गुंता सोडवणे हे कर्तव्य मानावे की केवळ टापटीप, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कारण जिथे कोणाची नजर जात नाही तिथल्या कामात मन का घालावे, हा कर्मविचारातला जुना प्रश्नच त्यात दडलेला आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांतली विकर्माची मांडणी इथे उपयोगी पडते. जुने भाष्यकार विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असे मानत. विनोबांच्या मते मात्र स्वधर्म म्हणून घडणारी बाहेरची क्रिया हे कर्म, तिला लाभणारी चित्ताची साथ हे विकर्म, आणि दोन्ही एकजीव झाली की कर्माचे ओझे नाहीसे होते, ते अकर्म.

गणेशमूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेणमध्ये भाद्रपदात मखराशेजारी स्पीकर मांडायचे झाले, तर सगळ्या वायरी एकत्र आवळून पडद्यामागे सारण्याचा मोह होतो. ती जुडी नेटकी दिसते, पण विजेची वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे क्षीण संकेत नेणारी वायर समांतर बांधल्या गेल्या, तर पहिलीतल्या 50 हर्ट्झच्या प्रवाहाचा उपद्रव दुसरीला होऊन आरतीखाली घूं असा आवाज येत राहू शकतो. म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि एकमेकींना ओलांडणे अटळच असेल तर काटकोनात ओलांडू द्याव्यात. त्याहून सूक्ष्म चूक धन-ऋण टोकांची आहे. दोनपैकी एकाच स्पीकरची टोके उलटी जोडली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज परस्परांत विरतो आणि मधोमध ऐकू यावा असा गायकाचा आवाज विस्कटतो; तरीही काही जळत नाही, बंद पडत नाही, त्यामुळे मन लावून ऐकणाऱ्याखेरीज ही चूक कोणाला कळत नाही. क्रिया पुरी झाली, पण चित्त तिच्यात नव्हते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

याचा अर्थ महागड्या वायरींचा ध्यास धरावा असा नव्हे. तो फलासक्तीचाच एक प्रकार होय. आठ ओहमच्या स्पीकरला दहा मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची दुपदरी वायर पुरते, कारण जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे पाव ओहमच भरतो. कोकणच्या दमट हवेत तांब्याची उघडी टोके काळवंडतात, ती पावसाळ्यानंतर घासून पुन्हा घट्ट बसवणे अधिक मोलाचे.

एक अडचण मात्र उरते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना, पुढे कधीतरी ती सोडवणाऱ्या अनोळखी माणसासाठी, नावाची चिठ्ठी लावणारा हात आस्थेने चालला की निव्वळ सवयीने, हे चिठ्ठीवरून ठरवता येत नाही. विनोबांची कसोटी आतली असल्यामुळे ती फक्त करणाऱ्यालाच लावता येते.