‘बघू तिकडे गेल्यावर’

ब्लू कार्डाचा एकेक कागद तू क्रमाने फाइलला लावलास. पदवीची पडताळणी, आरोग्य विमा, म्युनिकच्या कंपनीचं नेमणूकपत्र, सगळं चोख. आणि तुझ्या कॉकटेल पक्ष्याचं काय, असं विचारलं की म्हणतोस, ‘बघू सर, तिकडे गेल्यावर.’ तिकडे गेल्यावर काय बघणार? विमानतळावर पिंजरा अडवून ठेवतील, ते?

तुला वाचता येत नसतं तर मी गप्प बसलो असतो. पण जर्मन भाडेकरार शब्दकोश घेऊन वाचणारा मुलगा तू! युरोपात पाळीव पक्षी नेण्याचे नियम तुला एका बैठकीत समजले असते. माणशी जास्तीत जास्त पाच पक्षी. निघण्याआधी बर्ड फ्लूची लस, नाहीतर दोन आठवडे वेगळं ठेवून तपासणी, नाहीतर तिकडे पोचल्यावर 30 दिवस क्वारंटाइन. वर सरकारी पशुवैद्यकाचा दाखला. तिकीट काढून मोकळा झालास. ती विमान कंपनी पक्षी नेते का, हे विचारलंस? बऱ्याच कंपन्या नेत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायची ही तुझी जुनीच खोड. नशीब, ऑस्ट्रेलियाला निघाला नाहीस. तिथे न्यूझीलंड सोडून दुसऱ्या कुठल्याही देशातून पाळीव पक्षी आत येऊच देत नाहीत.

त्याहून संताप आला तो घराच्या अर्जामुळे. पाळीव प्राण्यांच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलंस. खोटं बोललास, तेही गरज नसताना! जर्मनीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी, हॅम्स्टर, मासे यांना घरमालक सरसकट बंदी घालू शकत नाही. कुत्र्यामांजरांवरची सरसकट बंदीसुद्धा छापील करारात टिकत नाही, असा निकाल तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 2013 साली दिला. म्हणजे हक्क होता, तो सोडलास आणि चोरासारखं राहणं पत्करलंस. वेड पांघरून पेडगावला जायची एवढी हौस कशाला?

खरी अडचण आहे आवाजाची. तिचा विचार तुझ्या मनाला शिवला नाही. तुझा नर उजाडलं की शीळ घालतो, तू खोलीबाहेर गेलास की किंचाळत सुटतो. तिकडे रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते आणि जूनमध्ये म्युनिकला सव्वापाचलाच उजाडतं. शेजारी तक्रार करणार, मग तुझ्या ‘नाही’चं काय होणार? पिंजऱ्यावर जाड कापड टाकून उशिरापर्यंत अंधार ठेवायची सवय आत्तापासून लावतोयस का? लावत नाहीस. मोबाइलवर त्याच्या शिळेचे व्हिडिओ मात्र काढतोस.

आणि दिवसभर तू ऑफिसात, तो एकटा. थव्यात राहणारा जीव आहे तो. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये अशा पक्ष्याला एकटं ठेवणं कायद्यातच बसत नाही. शिवाय तू घेतलंयस फर्निश्ड घर, त्यात आयती नॉनस्टिक भांडी. रिकामा तवा गॅसवर विसरलास आणि तो जास्त तापला, तर त्या वाफेने पक्षी बघता बघता मरतो. आणि तू तवा विसरणारा आहेस, हे मला माहीत आहे.

शेवटची पळवाट ठरलेलीच: ‘आई सांभाळेल.’ आईला विचारलंस? तिच्या गुडघ्यांना विचारलंस? कॉकटेल पंधरा-वीस वर्षं जगतो. हौस तुझी, आणि रोज पिंजरा धुवायचा तिने!

आता नीट ऐक. आज घरमालकाला मेल कर, पक्षी आहे म्हणून स्पष्ट लिही. उद्या मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाला फोन लाव. हे झेपणारं नसेल, तर कॉकटेल पाळणारं एखादं जाणतं घर आत्ता शोध, निघायच्या आदल्या रात्री नव्हे. यातलं काहीही न करता ‘सर, आशीर्वाद द्या’ म्हणत आलास, तर मी दार उघडणार नाही.