काठ

ज्याच्या पिंडातच पाण्याची ओढ आहे अशा जीवाला पाणी द्यायचे म्हणजे नेमके काय द्यायचे, या प्रश्नापाशी आपण साधकांनी थोडे थांबावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, आणि थांबण्यासाठी बदकाच्या पिल्लांइतके निर्मळ निमित्त दुसरे नाही. दोन दिवसांचे पिल्लू पाण्याची परात दिसली की धावत सुटते. पोहणे त्याला कुणी शिकवत नाही, कारण ईश्वराने ते त्याच्याबरोबरच धाडलेले असते. मग पाळणाऱ्याच्या हाती काय उरते? काठ उरतो. कोकणातल्या एखाद्या परसात, माडापोफळींच्या सावलीत, पिल्लांसाठी खुराडे उभे राहते, कुंड खोदले जाते, भोवती जाळी लागते, आणि हे सारे नीट निरखले तर ध्यानात येते की यातले पाणी आपले नाही, पोहणे आपले नाही, आपण बांधतो तो केवळ काठ.

हा काठ आधी उथळ असावा लागतो. बदकीखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या अंगाला आईच्या पिसांचे तेल लागत राहते. परंतु पाळलेल्या बदकांची अंडी पुष्कळदा खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवली जातात, आणि २८ दिवसांनी बाहेर येणारे ते पिल्लू मऊ लव लेवून येते खरे, पण तेल त्याला कुणाकडून मिळत नाही, आणि शेपटीच्या मुळाशी असलेली त्याची स्वतःची तेलग्रंथी अजून पुरती कामाला लागलेली नसते. अशी लव पाणी शोषते, अंग जड होते, गारठा आत शिरतो, आणि ज्या पाण्यासाठी तो जीव जन्मला त्याच पाण्यात तो दगावतो. म्हणून पहिल्या आठवड्यात ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब द्यावी, पुढे ती दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवावी, आणि पाणी एवढेच ठेवावे की चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडून धुतले जातील, अंग बुडणार नाही. चोच मात्र बुडायलाच हवी. बदक घासागणिक पाणी घेते, आणि नाकपुड्यांत अडकलेले खाद्य पाण्यानेच धुऊन काढते. पसरट भांड्यात गोटे मांडून त्यांच्या फटींतून पाणी राखतात, त्या गोट्यांकडे मी नेहमी आदराने पाहत आलो आहे. तहान भागावी आणि जीव वाचावा एवढे अंतर सांभाळणारा तो काठ असतो. परमार्थातही ओढ आधी येते आणि ती पेलणारे अंग मागाहून तयार होते. त्या मधल्या काळात गुरू जे थोडे थोडे देतात, त्यात कृपणता नसते.

सातआठ आठवड्यांत पिसे भरली की कुंड मोकळे करावे. बांधणाऱ्याचे लक्ष बहुधा खोलीकडे जाते. माझे म्हणणे असे की ते उताराकडे जावे, कारण बदकांना फूट-दीड फूट पाणी पुष्कळ होते. भिंती सरळ आणि गुळगुळीत असतील तर पोहता येणारे पिल्लूही वर येण्याच्या धडपडीत दमून मरू शकते. म्हणून एका अंगाला चिऱ्याचे तुकडे रचून उतरण करावी. चिऱ्याच्या खरखरीत पाठीवर पाऊल घसरत नाही. आपल्या पूर्वजांनी नद्यांना घाट बांधले ते याच जाणिवेने. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला पायऱ्या बांधल्या, त्यांनी नर्मदेच्या पाण्यात थेंबाचीही भर पडली नाही, पण म्हाताऱ्याकोताऱ्याला स्नान करून परत वर येता येईल एवढी सोय झाली. उतरणे कसेही होते. वर येता येणे ही काठाची कसोटी. भवसागर तरून जाण्याची भाषा आपण इतकी बोलतो की रोज पाण्यात उतरावे, रोज वर यावे, अंग झटकून उन्हात बसावे, हा क्रमही उपासनेचाच आहे याचा विसर पडतो. पाण्याबाहेर आलेले बदक चोचीने तेल घेऊन पीस न् पीस सारखे करत बसते, आणि उद्याचे पोहणे त्या बसण्यावर अवलंबून असते.

खुराड्याचा उंबरठा हाही काठच, तो कोरड्या बाजूने पाहायचा. दिवसभर भिजलेल्या पायांना रात्री सुके अंथरूण हवे, म्हणून तूस किंवा पेंढा जाड पसरावा आणि ओला झालेला काढून टाकावा. बुरशी धरलेला पेंढा आत नेऊ नये, तशी पेंड किंवा मका तर मुळीच खाऊ घालू नये. बुरशीचे विष बदकाला कोंबडीहून कितीतरी अधिक बाधते. बदके दांडीवर बसत नाहीत, जमिनीलगतच निजतात, तेव्हा वाढत्या पिल्लांच्या हिशेबाने प्रत्येकी तीन-चार चौरस फूट जागा ठेवावी आणि वारा वरच्या अंगाने खेळू द्यावा. दाराशी चढ असलाच तर मंद असावा, कारण त्यांचे पाय नाजूक असतात. पाय धरून बदक उचलणे मला पाहवत नाही. जाळी बारीक भोकांची आणि वीतभर जमिनीत गाडलेली असावी. मुंगूस आणि घार दिवसा येतात, उदमांजर आणि कोल्हा रात्री. दिवेलागणीला दार लागलेच पाहिजे.

आणि एक काठ असा, जो आपण बांधत नाही. पिल्ले प्रथम पाण्यात शिरतात तेव्हा त्यांना उबवणारी कोंबडी कडेने येरझारा घालत कासावीस होऊन ओरडते. लोक तिला हसतात. मला तिथे हसण्याजोगे काही दिसत नाही. स्वतःच्या जातीच्या अंड्यांना २१ दिवस पुरले असते. ती परक्या अंड्यांवर आणखी सात दिवस बसून राहिली, आणि आता तिचा स्वभाव जिथे संपतो तिथे तिच्या लेकरांचा सुरू झाला आहे. पाण्याचे तिला काही कळत नाही, तरीही पिल्ले दमून बाहेर येतात ती तिच्याच आवाजाच्या दिशेने. ज्यांनी आपल्याला ऊब दिली त्यांना आपली साधना कळलीच पाहिजे असा आग्रह आपण का धरतो, हे मला तिच्याकडे पाहताना उमजले नाही, पण तो आग्रह मात्र सुटला.

कुंडाविषयी एक सांगायचे राहिले. बदके पाणी फार लवकर गढूळ करतात, आणि साचून कुजलेल्या पाण्यात रोग वाढतो; म्हणून तळाशी बूच आणि तिथून निघणारा पाट आधीच योजावा. विष्ठेने समृद्ध झालेले ते पाणी माडाच्या आळ्यात, केळीत, अळूत सोडता येते, तेव्हा खोदायला घेण्यापूर्वी जमिनीचा उतार पाहून, कुंड झाडांच्या वरच्या अंगाला येईल अशी जागा निवडावी.