दोराच्या दोन टोकांची मैत्री

ज्याचं आडनावही माहीत नाही अशा माणसाच्या हातात तुम्ही जीव द्याल का? बहुतेक जण नाही म्हणतील. बदामीच्या कड्यांखाली मात्र दर हिवाळ्यात लोक हे नाश्ता झाला की सहज करतात.

बदामी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली माहीत असते. चालुक्य, अगस्त्य तलाव, तिसऱ्या लेण्यातला इ.स. ५७८चा शिलालेख. त्याच लाल वालुकाश्माच्या, लेण्यांपासून बाजूला असलेल्या कड्यांवर बोल्ट ठोकलेले क्लाइंबिंगचे रूट आहेत. पुण्याहून आम्ही चौघं सोलापूर-विजयपूर मार्गे गेलो. त्यातल्या दोघांना मी पहाटे गाडीत बसताना पहिल्यांदा पाहिलं. बेंगळुरूची एक मुलगी थेट बदामीतच भेटली.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चढणारा दोर सोबत वर नेतो आणि वाटेतल्या बोल्टमध्ये अडकवत जातो. खाली उभा असलेला माणूस तो दोर लागेल तसा सोडतो, आणि वरचा सुटला की धरतो. याला बिले देणं म्हणतात. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर हात सुटला तर निदान चार मीटर खाली येणार. पुढचं सगळं खालच्या माणसावर.

मैत्रीला वेळ लागतो, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळातली म्हण तो त्यासाठी देतो. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागतात. ट्रिपवर मीठ पटापट खाल्लं जातं. खानावळीतली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोन जेवणांत लोकांना ‘अहो’वरून ‘अरे’वर आणते. पण पहिल्या सकाळी तेवढंही झालेलं नसतं, आणि दोर तर बांधायचा असतो.

तेव्हा उपयोगी पडतो तो उघड संशय. चढण्याआधी दोघं समोरासमोर उभे राहतात. तू माझी गाठ बघ, मी तुझं बिलेचं डिव्हाइस आणि कॅराबिनरचं लॉक बघते. वीस वर्षं चढणाऱ्यालाही यातून सूट नाही. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबरपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे तिची गाठ अर्धवट राहिली, आणि ती २० मीटरहून जास्त उंचीवरून पडली. पडताना मध्ये झाड आल्यामुळे वाचली. चारच वर्षांनी तिने एल कॅपिटनवरचा ‘द नोझ’ फ्री क्लाइंब केला, जो तोवर कुणालाच जमला नव्हता. म्हणजे कौशल्य असलं तरी गाठ सुटी राहू शकते.

आपल्या घरातला हिशेब याच्या उलटा. मित्राला उसने दिलेले पैसे लिहून ठेवले तर ‘विश्वास नाही का?’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. तपासणं म्हणजे अपमान. कड्याखाली, न तपासणारा माणूसच धोक्याचा.

तिसऱ्या दिवशी ही गोष्ट गाठीपुरती राहिली नाही. गाडी ज्याची होती तो मुलगा सगळ्यांचा लाडका. रात्रभर गाडी चालवणारा, हसवणारा, चहाचे पैसे कुणाला देऊ न देणारा. बिले देताना त्याचं लक्ष मात्र इकडेतिकडे जायचं. एकदा तर एका हाताने फोन बघत होता. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. कुणी बोललं नाही, कारण परतीचा प्रवास त्याच्याच गाडीतून होता.

बोलली ती बेंगळुरूची. खाली उतरल्यावर गाठ सोडता सोडता म्हणाली, “तू वर बघत नव्हतास. उद्या तू मला बिले देऊ नकोस.” त्या रात्री जेवताना कुणी कुणाशी धड बोललं नाही. नंतर खोलीत चर्चा झाली, की सगळ्यांसमोर इतकं तोडून बोलायची गरज नव्हती. मला वाटतं, होती. तिने स्वतःचा जीव सांभाळला हे खरंच, पण त्याच वाक्याने तिने त्यालाही एका आयुष्यभराच्या ओझ्यापासून लांब ठेवलं. आमचं गप्प बसणं त्याला गोड वाटत होतं. त्यात त्याच्याविषयी काळजी किती आणि परतीच्या सीटची किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या कुणाला बिले दिला तेव्हा फोन बॅगेत होता आणि मान सतत वर. संध्याकाळी तो मानेला बाम लावत बसला होता.

दोरावर जात-आडनाव गळून पडतं, असंही लोक फार प्रेमाने सांगतात. ते मला अर्धंच पटतं. आमची आडनावं पहिल्याच दिवशी लॉजच्या रजिस्टरमध्ये आधारसकट लिहिली गेली होती. आणि दोर, बूट, हार्नेस मिळून वीस हजारांच्या घरात जाणारा खर्च कड्याखाली कोण पोचणार हे आधीच ठरवून टाकतो. कड्याखालून शेळ्या नेणारी गावातली मुलं आमच्याकडे बघत उभी राहायची. त्यांच्या कमरेला हार्नेस बांधायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

परतल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन महिने वाहता होता, मग आटला. घरचे म्हणतात, ट्रिपची मैत्री ती ट्रिपपुरतीच. असेलही. रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये यांपैकी कोण येईल, मला सांगता येणार नाही. पण तिच्या बिलेवर मी आजही डोळे मिटून—नाही, लॉक बघून—चढेन.

या नोव्हेंबरात गाडीवाल्याने ग्रुपवर विचारलंय, बदामीला कोण येतंय. बेंगळुरूहून अजून उत्तर नाही. मी हो म्हटलंय.